पाडव्यापर्यंतचा ब्रेक

चालत्या वस्तूला माझ्या आतोबांपासून काही म्हणता काही लपवता येत नसे. माणसं त्यांना खुशाल फसवत. दूधवाला पाणी घाली, शिंपी कापड खाई आणि शेजारचे निवृत्त मास्तर सकाळी त्यांचंच वर्तमानपत्र उचलून नेऊन संध्याकाळी त्यांनाच बातम्या ऐकवत. पण चाक असलेली, फिरणारी, दाबली की थांबणारी एखादी वस्तू समोर आली, की तिचं पोट आतोबांना काचेचं दिसे. ती अजून किती दिवस इमानदारीत वागेल आणि कधी दगा देईल हे ते सांगत, आणि ते सांगत तसंच होई. सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात टॅक्सीवाले, टेम्पोवाले आणि ट्रकवाले या एका माणसाच्या शब्दावर गाडी रस्त्यात उभी करत. त्या माणसाला स्वतःला मात्र सायकलसुद्धा येत नव्हती.

आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. मूळचे मोहोळकडचे, पण उभा जन्म सोलापूरच्या गिरणीत फिटर म्हणून गेला. अंगानं काटकुळे, डोक्यावर टोपी, अंगात खाकी शर्ट. त्याच्या वरच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे त्यांची एक वीतभर हातोडी असे आणि बाजूच्या खिशात खडूचा तुकडा. गिरणीत म्हणे पाचशे साचे, म्हणजे माग, एकदम खडखडत असताना ते मध्येच मान वर करत आणि म्हणत, "तिसऱ्या रांगंतला पट्टा परवा जातोय." परवा तो जाईच. निवृत्त झाल्यावर हातात साचे राहिले नाहीत, तेव्हा त्यांनी सगळं गाव ऐकायला घेतलं. त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते रोज जेवताना, पहिल्या घासापासून ताकापर्यंत, आत्याला ऐकवत. "कुटलीबी वस्तू मोडायच्या आधी तीनदा सांगती. पयल्यांदा वासानं. दुसऱ्यांदा आवाजानं, आधी चिमणीवाणी, मग सुरीवाणी. तिसऱ्यांदा सांगती तवा ऐकायला कुनी उरत न्हाय." आत्या "बरं" म्हणे आणि आमटी वाढे.

घरातल्या वस्तूही या भाकितांतून सुटल्या नव्हत्या. स्टोव्ह, विहिरीचा रहाट, छत्री, खाट, प्रत्येकाची मुदत ठरलेली. माझ्या आतेबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाचे वडील पुढे होऊन खुर्चीवर बसायला लागले. आतोबा हात जोडून म्हणाले, "पावनं, तितं नगा बसू, ती खुर्ची आज-उद्याचीच हाय." पाहुण्यांना वाटलं, हा नम्रपणा. ते आग्रहानं बसले आणि क्षणात पोह्यांच्या बशीसकट जमिनीवर आले. आत्यानं कपाळाला हात लावला. पण लग्न मोडलं नाही. मुलाचे वडील पुढे सगळीकडे सांगत, की ज्या घरात खुर्चीबद्दलसुद्धा खरं बोलतात त्या घरातली मुलगी डोळे मिटून करावी.

अशा माणसानं मोटारीत बसावं तरी कसं? ते बसत नसत. नव्या पेठेत जायचं तर पायी, स्टेशनावर जायचं तर पायी, आणि मोहोळला भावकीतलं लग्न असलं तर पहाटेच्या पहाटे उठून पायी. आत्या वर्षातून दोनदा अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाई ती एकटी, टॅक्सीनं. मी एकदा त्यांना विचारलं, "आतोबा, सगळं जग मोटारीत बसतं, तुम्हालाच काय झालंय?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "जगाला ऐकू येत न्हाय रं. मला येतंय. ऐकू येनाऱ्यानं बसू नये." मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर नंतर मात्र रस्त्यानं त्यांच्याबरोबर चालताना मलाच धास्ती वाटे. एखादा टेम्पो शेजारून जाई आणि आतोबा थबकत, मान तिरकी करत आणि त्या पाठमोऱ्या टेम्पोकडे अशा नजरेनं बघत, की वाटे, आता हे त्याला हाक मारून परत बोलावणार. पुष्कळदा ते बोलावतही.

त्यांच्या या विद्येचा वार्षिक दरबार भरे तो खंडेनवमीला. त्या दिवशी टॅक्सी अड्ड्यावर सगळ्या गाड्या धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून रांगेत उभ्या असत. पूजा झाली की आतोबा येत. एकेका गाडीचं चाक हातोडीनं टिचकी मारल्यासारखं वाजवत, खाली वाकून हुंगत, ड्रायव्हरला गाडी चार हात पुढे घ्यायला लावून ब्रेक दाबायला सांगत. मग मागच्या चाकावरच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला खडूनं एकच शब्द लिहीत. 'दिवाळी' किंवा 'होळी' किंवा 'पाडवा'. त्या सणापर्यंत ब्रेकवर भरवसा ठेवा, सणाआधी ब्रेकचं लायनर, म्हणजे आतली घासून झिजणारी पट्टी, बदला, हा त्याचा अर्थ. पहिल्या वर्षी ड्रायव्हर हसले. एका टेम्पोवाल्यानं बंपरला टांगलेलं लिंबू-मिरची दाखवून म्हटलं, "मिस्त्री, आमाला हे हाय की!" आतोबांनी ते लिंबू हातात घेऊन दाबून पाहिलं, हुंगलं, आणि पूर्ण गांभीर्यानं सांगितलं, "लिंबू चार दिस टिकंल. ब्रेक दोन." तिसऱ्या दिवशी तो टेम्पो मार्केटात ज्वारीच्या पोत्यांच्या थप्पीत शिरला. कुणाला खरचटलं नाही. पोत्यांतून बाहेर काढलेल्या टेम्पोच्या पुढे ते लिंबू अजून टवटवीत लोंबत होतं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

पुण्याहून एकदा एक सूटबूटवाला विक्रेता आला होता, तो प्रसंग तर मी जन्मात विसरणार नाही. ब्रेकचं तेल कमी झालं की ड्रायव्हरसमोर लाल दिवा लागेल असं एक यंत्र त्यानं आणलं होतं. नव्या पेठेतल्या एका सराफाच्या मोटारीला ते बसवलं, ही गर्दी जमली. विक्रेता म्हणाला, आता ड्रायव्हरनं कान, नाक, डोकं काहीच वापरायची गरज नाही, ते काम दिवा करील. लोकांनी माना डोलावल्या. आतोबा पुढे झाले, तो दिवा त्यांनी खूप प्रेमानं न्याहाळला. त्यांना नव्या वस्तूंचा रागबिग काही नव्हता, उलट लहान बाळाकडे बघावं तसं ते बघत होते. मग त्यांनी अगदी भाबडेपणानं विचारलं, "साहेब, लई झ्याक हाय. पन दिवाच गेला तर कोनचा दिवा लागतो?" विक्रेता रुमालानं तो दिवा पुन्हा पुन्हा पुसायला लागला. एका गिरणी कामगाराच्या त्या एका प्रश्नापुढे मला पुण्याचा तो सूट एकदम ढगळ वाटायला लागला.

पण आमच्या लोकांचं एक आहे, त्यांना एखादी गोष्ट पटली की ते तिची पूजाच मांडतात. आतोबांचा खडू खरा ठरतो म्हटल्यावर ड्रायव्हरांनी तो खडूच जपायला सुरुवात केली. गाडी धुताना तेवढी जागा कोरडी ठेवू लागले. एका ट्रकवाल्यानं कहर केला. त्याच्या ट्रकवर आतोबांनी 'दिवाळी' लिहिलं होतं, ते त्यानं पेंटरकडून ऑइलपेंटमध्ये पक्कं करून घेतलं, दोन्ही बाजूंना कमळं काढून! आतोबांना ते दिसलं तेव्हा भर रस्त्यात त्यांचा तोल गेला. "आरं, ही मुदत हाय, आशीर्वाद न्हाय!" असं ओरडत त्यांनी स्वतःच्या हातानं ती कमळं खरवडली. ट्रकवाला हात जोडून म्हणत होता, "पन गुन आला की मिस्त्री, दोन दिवाळ्या झाल्या, गाडीला काय बी झालं न्हाय." त्या दिवशी घरी येऊन आतोबा जेवले नाहीत.

पुढच्या नवरात्रात आतोबांना टायफॉइड झाला. खंडेनवमीला ते अंथरुणात होते आणि त्या वर्षी एकाही गाडीवर खडू उमटला नाही. मी त्या वेळी कचेरीत नुकताच लागलो होतो. वडिलांनी केव्हातरी नंबर लावून ठेवलेली स्कूटर अखेर मिळाली होती. आतोबांनी तिच्यावर मात्र कधी काही लिहिलं नव्हतं. "गाडीचं सांगतो, तुजं कोन सांगनार?" एवढंच म्हणत. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी आत्या अक्कलकोटला निघाली. आतोबांचा ताप उतरला म्हणून बोललेला नवसच होता. मी कचेरीला सुट्टी टाकली होती, तेव्हा तिला स्कूटरवरून टॅक्सी अड्ड्यावर सोडलं. ईरण्णाची लांबलचक जुनी टॅक्सी भरत आली होती. हा ईरण्णा अक्कलकोटचा, घरी कानडी बोलणारा, स्वभावानं गरीब आणि त्या रस्त्यावर सगळ्यात जास्त बायका ज्याच्या गाडीत विश्वासानं बसत असा. आत्या पायरीवर पाय ठेवण्याआधी मागच्या चाकाशी वाकली. मडगार्डच्या आत लिहिलेलं होतं, 'पाडवा'. आतोबांचंच अक्षर, तो 'ड'चा लांब ओढलेला शेपटा. पाडव्याला अजून चार महिने होते. आत्या हसली आणि आत जाऊन बसली.

मी परत येऊन आतोबांना म्हटलं, "काही काळजी करू नका, तुमचाच शिक्का आहे गाडीवर. पाडवा. आत्यानं वाचूनच पाय ठेवला." आतोबा ओट्यावर उन्हात बसून पेज पीत होते. वाटी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"औंदा मी एकबी गाडी बगितली न्हाय," ते म्हणाले.

"पण अक्षर तुमचंच होतं."

"खडू व्हता का रंग?"

मला आठवेना. मग आठवलं, ते चकाकत होतं. म्हणजे ईरण्णानंसुद्धा गेल्या वर्षीचं अक्षर पेंटरकडून हुबेहूब गिरवून घेतलं होतं. तो पाडवा होऊन आठ महिने उलटले होते. आतोबा माझ्याकडे बघत होते, पण त्यांना मी दिसत नव्हतो. इतकी वर्षं त्यांनी सण लिहिले, पण कुठलं साल ते कधीच लिहिलं नव्हतं. ज्या माणसाला प्रत्येक वस्तूतली खोट दिसे, त्याला स्वतःच्या खडूतली ही खोट त्या ओट्यावर पहिल्यांदा दिसली, आणि त्या खोटेवर विसंबून त्याची बायको गाडीत बसली होती. "चूक माजी हाय," ते हळूच म्हणाले. मग टायफॉइडमधून उठलेला तो माणूस उभा राहिला, टोपी घातली, हातोडी खिशात आहे ना ते चाचपलं आणि म्हणाला, "तुजी स्कूटर काड."

जन्मात कधी मोटारवाहनावर न बसलेले आतोबा माझ्यामागे बसले. अक्कलकोट रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी माझा शर्ट दोन्ही मुठींत असा आवळून धरला होता, की मला श्वास घेता येईना. भीती वाटत होती म्हणावं, तर तोंड चालूच होतं. "मागला ब्रेक दाबू नगं, त्यो ढिला हाय. फुडली केबल शिमग्याला जातीय. हॉर्न कशाला वाजवतोस, हॉर्नानं कुटली गाडी थांबतीय?" मग सूचना थांबल्या. वाऱ्यात मला वाटलं काहीतरी पुटपुटताहेत. कान देऊन ऐकलं तर ते आत्याचं नाव घेत होते. बायकोचं नाव घेताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

वळसंग गावाच्या अलीकडे कडुलिंबाखाली टॅक्सी उभी दिसली. जवळ गेलो तर गाडी नीट चारी चाकांवर उभी, बायका सावलीत बसलेल्या आणि आत्या एका दगडावर, पदर खोचून, सत्याग्रहाला बसल्यासारखी. ईरण्णा धावत आला. "बगा की हो मिस्त्री! तुमच्या बाईंनी गाडी अडीवली! गाडीला काय बी झालं न्हाय रीऽ, तुमचं सोताचं अक्षर हाय म्हणून दाकवलं, तरी बसंनात! बाकीच्या बायकास्नी बी खाली उतरवल्या!"

आतोबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते आत्याकडे गेले.

"मागलं डावं चाक," आत्या म्हणाली. "गाव सुटल्यावर चिमणीवाणी बोलाय लागलं. कुंभारी गावाच्या फुडं सुरीवाणी. मग मी थांबीवली."

ईरण्णानं कुरकुरत जॅक लावला, चाक काढलं, ब्रेकचा ड्रम काढला. लायनर झिजून संपलं होतं, नुसते ते धरून ठेवणारे रिव्हेट चकाकत होते आणि त्यांनी ड्रमला खोल चरे पाडले होते. अजून थोडं पुढे गेले असते तर ब्रेक लागलाच नसता. ईरण्णानं दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. आतोबा त्या चऱ्यांवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी मान वर करून आत्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. गिरणीतल्या पाचशे साच्यांचा आवाज ओळखणारा माणूस, तीस वर्षं समोर बसलेल्या बाईचा आवाज जणू प्रथमच ऐकत होता.

"मला वाटायचं, तू आमटी वाडतीयस," ते म्हणाले.

"वाडत बी हुते," आत्या म्हणाली.

मी स्कूटर पिटाळून सोलापूरला गेलो, लायनर ठोकलेले नवे ब्रेक-शू आणले. तोवर तिथे भाकरी आणि शेंगाची चटणी निघाली होती. आतोबांनी शर्टाच्या बाह्या सारल्या आणि दुखण्यातून उठलेल्या हातांनी, ईरण्णाला एकाही पान्याला हात लावू न देता, ब्रेक बसवला. गाडी चार हात पुढे घेऊन दाबायला लावला. पुन्हा घेतली, पुन्हा दाबला. मग त्यांनी मडगार्डखाली शिरून तो चकाकणारा 'पाडवा' पान्याच्या टोकानं पार खरवडून काढला.

ईरण्णा काकुळतीला येऊन म्हणाला, "मिस्त्री, आता सालासकट लिवा की हो. न्हायतर ह्या बायका कुटं बसत्यात?" खरंच कुणी उठत नव्हतं. ज्या अक्षराच्या भरवशावर त्या बसल्या होत्या तेच खोटं निघालं होतं. आतोबांनी खिशातून खडू काढला, थोडा वेळ बोटांत फिरवला, आणि परत खिशात टाकला. त्यांनी दार उघडलं, आत्याला म्हणाले, "सरक जरा," आणि टॅक्सीत तिच्याशेजारी जाऊन बसले. मग एकेक बाई पदर सावरत उठली आणि निमूट गाडीत चढली. ईरण्णानं अक्कलकोटपर्यंत ती गाडी काठोकाठ भरलेली घागर न्यावी तशी नेली. मी मागून स्कूटरवर होतो. मागच्या काचेतून एक टोपी आणि एक पदर शेजारी शेजारी दिसत होते.

त्यानंतरच्या खंडेनवमीपासून आतोबा सणाखाली साल लिहू लागले. पण ड्रायव्हर आता साल बघत नसत. ते विचारत, "मिस्त्री, तुमी सोता बसाल का ते सांगा." आतोबा हसत आणि हातोडी वाजवत पुढच्या गाडीकडे जात. ते बसले ते फक्त ईरण्णाच्या टॅक्सीत, वर्षातून दोनदा, अक्कलकोटला जाताना, आत्याच्या शेजारी. दोघंही वाटेत एक शब्द बोलत नसत. ईरण्णा म्हणे, की या दोघांना मागे घेऊन गाडी चालवणं म्हणजे परीक्षा असते.

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गिरणीचा भोंगा थांबला, ईरण्णाची टॅक्सीही कुठे भंगारात गेली. मध्यंतरी मी पहिली नवीकोरी मोटार घेतली आणि आत्याला अक्कलकोटला न्यायचं ठरवलं. ती आता थकली आहे, दिसतंही कमीच. तिला पुढे बसवून मी मोठ्या कौतुकानं समोरचे दिवे एकेक दाखवले. दार उघडं राहिलं तर हा लागतो, तेल कमी झालं तर हा, ब्रेकमध्ये बिघाड झाला तर हा लाल. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आनि दिवाच गेला तर?"

मी किल्ली फिरवली. "चल हळूहळू," ती म्हणाली. तिनं डोळे मिटले, मान आतोबांसारखीच तिरकी केली आणि शेजारी कुणी बसलं असावं तसा पदर आवरून थोडी सरकली. मी काचा वर केल्या, पंखा बंद केला आणि गाडी सोडली. अक्कलकोट येईपर्यंत आत्या ऐकत होती.